मंगलताईंच्या ट्रेलरचा फाळका

या सदरातले अनुभव मी नेहमी हसण्यासाठी वाचतो, हे आधी कबूल करतो. अमावस्या, लिंबू, पांढरी साडी... माझ्या डोक्यात यातलं काही शिरत नाही. मी आयटीआय झालेला फिटर माणूस, बारामती एमआयडीसीत नोकरी. मोजता येतं ते खरं, बाकी सगळं वारं! तरीही आज लिहायला बसलोय, कारण हे माझ्याच हातून घडलं – अगदी शब्दशः.

राहतो इंदापूर तालुक्यात, अंथुर्ण्याला. सुट्टीच्या दिवशी घराच्या पडवीत बसून ट्रक, ट्रॅक्टर आणि ट्रेलरची मॉडेल्स बनवतो. खेळणी म्हणाल तर भांडण होईल. खऱ्या गाडीच्या चौदाव्या हिश्श्याचं माप, त्यात सुताचा फरक चालत नाही. पीव्हीसी शीट कापून बॉडी, पत्र्याच्या पट्ट्यांचे स्प्रिंगचे पाटे, दारं उघडतात, स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळतात. ट्रेलरमध्ये झाडूच्या काड्या रंगवून ऊस भरतो, आणि तो भरण्याआधी तळाशी तारेचे दोर टाकतो. खऱ्या ट्रेलरमध्ये तेच करतात, कारखान्यावर क्रेन त्या दोरांना धरून सगळा ऊस एकदम उचलते. ऊस भरल्यावर ते दोर कुणाला दिसतसुद्धा नाहीत. पण मला माहीत असतं ना! आमच्या भागात असं काम दुसरा कुणी करत नाही. करत असेल तर त्याने समोर यावं.

एकच उणं आहे – मला चित्र काढता येत नाही. माझी बायको शुभांगी सांगते की मी एकदा पाटीवर गणपती काढला आणि पाहुण्यांनी विचारलं, बैल कुणाचा? त्यामुळे नक्षी, नावं, मोर, वाघ, सगळं मी बारामतीहून स्टिकर छापून आणतो.

तर गेल्या वर्षी सांगवीच्या मंगलताईंचा फोन आला. त्यांचे यजमान हनुमंतराव कारखान्याला ऊस वाहायचे. स्वतःचा ट्रॅक्टर, स्वतःचा ट्रेलर. संक्रांतीच्या सुमारास हार्ट अटॅकने गेले. नंतर दोन्ही विकावे लागले. वर्षश्राद्धाला त्यांच्या फोटोशेजारी त्यांची गाडी हवी, एवढीच बाईंची इच्छा.

फोटो त्यांनी मोबाईलवर पाठवले. समोरून होते, दोन्ही बाजूंनी होते. मागून एकही नाही. ट्रेलरच्या मागच्या झडपेला फाळका म्हणतात आणि मालक लोक हौसेने काय काढायचं ते तिथंच काढून घेतात. मी विचारलं, "ताई, फाळक्यावर काय होतं?"

"मला न्हाय ठावं, भाऊ," त्या म्हणाल्या. "गाडी दारातून निघाली की मी आत वळायची. जाणाऱ्या माणसाला मागनं बघत उभं राहू नये, अशी सासूबाईंची शिकवण. त्यात दसऱ्याला नवा रंग दिला आन ट्रेलर तसाच कारखान्यावर गेला."

ताईंनी गावात विचारलं तर एक म्हणे मोर, एक म्हणे कमळ. हंगामात मागून ऊस लोंबतो, फाळका झाकलेलाच असतो, बघणार कोण? मी म्हटलं, ट्रेलर ज्यांना विकला त्यांना विचारा.

"त्येंना फोन करायला जीव व्हईना, भाऊ. तुमीच काय ते चांगलं काढा."

आता तुम्हीच सांगा, बाकी सगळं सुताला सूत आणि मागे अंदाजपंचे? माझ्या जिवाला ते पटेना. गाडी त्यांची नसेल तर फोटोशेजारी ठेवून उपयोग काय? पण इलाज नव्हता. मोराचा स्टिकर आणला. चिकटवला, सकाळी निघून पडलेला. पुन्हा चिकटवला, पुन्हा तेच. शीटला तेलकट हात लागला असेल म्हणून मी नाद सोडला. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी रविवार होता, संध्याकाळी ताई मॉडेल न्यायला येणार होत्या. ठरवलं, फाळका कोराच ठेवू, नुसती लाल किनार मारू.

दुपारी पडवीत बसलो. लख्ख ऊन, शेजारी शेळ्या ओरडतायत, आत कुकरच्या शिट्ट्या. बारीक ब्रश लाल रंगात बुडवला, हे मला नीट आठवतं.

त्यानंतर आठवतो तो एकदम शुभांगीचा आवाज – "अहो, मोराची शिलाई मशीन कधी झाली?"

ती म्हणते, तिने जेवायला हाक मारली आणि मी "आलो" म्हणालो. मला आठवत नाही. ती म्हणते, ती मागे उभी राहून बघत होती आणि माझा हात एकदाही थांबला नाही. समोर फाळक्यावर काळं कुळकुळीत, पायाने चालवायचं शिवणयंत्र होतं. चाक, पट्टा, खालचं जाळीदार पायडल... आणि वर दोऱ्याच्या रिळापाशी एक वाकडी, चंदेरी रेघ. ती तेवढी ब्रश घसरून उठली असावी असं वाटलं.

खरं सांगतो, मला राग आला. लोकांच्या कामात हा काय चावटपणा! थिनरचं फडकं उचललं तर शुभांगीने हात धरला. "पुसू नका. इतकं देखणं तुमच्या हातनं जन्मात झालं न्हाय. त्येंना बघू द्या, नको म्हणल्या तर पुसा."

संध्याकाळी मंगलताई आल्या, दीर दत्तात्रय गाडी घेऊन सोबत. बाईंनी आधी मॉडेलला नमस्कार केला. मग बोट फिरवत एकेक तपासायला लागल्या. डावा मडगार्ड चेपलेला – बरोबर. सीटवर घोंगडी – बरोबर. उसाच्या काड्या बाजूला सारून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "दत्तूभावजी, बघा की, दोर बी टाकल्यात!" माझी छाती फुगली होती. पण म्हटलं, मागचं आता सांगून टाकावं. तोंड उघडेपर्यंत त्या मागे पोचल्या.

किती वेळ वाकून बघत राहिल्या कुणास ठाऊक.

"हे तुमाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही, ताई. चुकून झालंय. आत्ता पुसतो..."

"हात लावू नका!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की शुभांगी बाहेर आली. "ही माझी मशीन हाय. रिळाची खुंटी मोडली तवा ह्यांनीच सायकलची तार वाकवून बसवली. ही बघा तार." आणि त्यांनी त्या वाकड्या रेघेवर बोट ठेवलं. डोळे बिघडल्यापासून त्यांनी शिवण सोडलं होतं. त्या शिवायच्या हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, त्यांचं घर मी आजवर पाहिलेलं नाही.

मग त्याच म्हणाल्या, "भावजी, लावा त्येंना फोन." दत्तात्रयने ट्रेलर घेणाऱ्या माणसाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मागे काय होतं म्हणून विचारलं.

पलीकडून हसणं आलं. "शिलाई मशीन हुतं की! आमच्यातले हसायचे, ह्यो ड्रायव्हर हाय का टेलर म्हणून. मग आमी रंग मारून वाघ काढला. का ओ, काय चुकलं का आमचं?"

"न्हाय, न्हाय," मंगलताई म्हणाल्या. "तुमचं काय बी चुकलं न्हाय."

फोन ठेवला. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खुर्चीत ताठ बसल्या. डोळ्यांतलं पाणी पुसायच्या फंदातही पडल्या नाहीत. "हे म्हणायचे, हंगाम संपला की यंदा ट्रेलर दारात उलटा लावतो, मग बघ. मी म्हणायची, उलटा कशाला, उकिरड्याकडं तोंड करून?" त्या हसल्या. "लोक वाघ काढत्यात, देव काढत्यात. ह्या माणसानं माझं मशीन काढलं, आन सगळ्या तालुक्यात फिरवलं!"

शुभांगी रडत होती. दत्तात्रय दुसरीकडे बघत होता. ताईंनी मॉडेल मांडीवर घेतलं, फाळका स्वतःकडे करून, आणि तशाच सांगवीला गेल्या.

मित्र म्हणतात, कुठेतरी रस्त्यावर तो ट्रेलर तुझ्या नजरेखालून गेला असेल. असेल बुवा. पण मग चित्र काढणारा हात कुठून आला? मी नंतर शुभांगीच्या आग्रहावरून कागदावर तेच यंत्र काढायचा प्रयत्न केला. तिने तो कागद फ्रीजवर लावलाय आणि आल्यागेल्याला विचारते, सांगा हे कुठलं जनावर. माझ्या हातून झालेलं सगळ्यात सुंदर काम सांगवीत एका फोटोशेजारी आहे, हे मी अभिमानाने चारचौघांत सांगतो. फक्त प्रत्येक मॉडेलच्या तळाशी मी माझं नाव कोरतो, ते ह्या एका मॉडेलवर कोरायला हात धजला नाही.