दोघांच्या वाटची प्रार्थना

गादीवाल्या काकांना कुणी विचारलं, की अमक्याचा धर्म कोणता हो, तर ते धर्माचं नाव सांगत नसत. कापड कुठे फाटतं ते सांगत. "ते होय? ते गुडघेवाले. त्यांच्या उशा गुडघ्याशी जातात. आपला शेजारचा चष्मेवाला कपाळवाला, त्यांच्या गालिच्याला कपाळाच्या जागी आधी टक्कल पडतं. आणि नदीकडच्या गल्लीतले ते गप्पवाले. त्यांचं मेलं काही झिजतच नाही, हलतच नाहीत ना! धंद्याच्या दृष्टीने अगदी निरुपयोगी माणसं." एवढं बोलून स्वतःच खो खो हसायचे.

"आणि तुम्ही काका?"

"आम्ही उठबशे. दर ओळीला उठायचं, दर ओळीला बसायचं. बाकाच्या गादीचा पुढचा काठ आधी उसवतो. मीच शिवतो, मीच फाडतो."

शहरातल्या झाडून सगळ्या देवांच्या घरची गादीकामं काकांनी उभ्या हयातीत केली. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काचेचं दार, मध्ये उघड्या पोटाच्या खुर्च्या, काथ्याचे ढीग, आणि पार मागे खिडकीपाशी काकूंचं शिलाई मशीन. काका तोंडात बारीक खिळ्यांची मूठ भरायचे आणि जिभेने एकेक खिळा पुढे आणून हातोडीला द्यायचे. त्यामुळे दिवसभर त्यांना बोलता यायचं नाही. ते खातं काकूंकडे. गिऱ्हाइकाशी भाव काकू करायच्या, कापडवाल्याशी काकू भांडायच्या, शेजारणीची विचारपूस काकूच करायच्या. काका "हं" म्हणायचे, तेही नाकातून.

"ह्यांच्या तोंडात खिळे आहेत म्हणून आमचा संसार टिकला," काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. काका हातोडी उगारून दाखवायचे. काय दिवस होते ते! दुपारचं ऊन खिडकीतून मशीनवर यायचं, कापसाची तुसं उन्हात तरंगत असायची, मशीनची टकटक आणि हातोडीची ठकठक चालू असायची, आणि त्यावरून काकूंचा आवाज. आता ते सगळं आठवलं की काकांना हातातलं काम सुचत नसे.

तर गोष्ट अशी, की काकांच्या प्रार्थनाघरात एक रीत आहे. प्रार्थना कागदावर उतरवायच्या नाहीत. घरच्या माणसाने घरच्या माणसाला तोंडी शिकवायच्या. भाषाही जुनी, घरात कुणी बोलत नाही अशी. काकांची आई ते रांगत असतानाच गेली, आणि वडलांना दुकानापुढे दुसरं काही सुचायचं नाही. त्यामुळे पोराला कुणी काही शिकवलंच नाही. लाजेकाजेस्तव पोराने ओठ हलवायला सुरुवात केली आणि ती सवयच पडली.

लग्नानंतर पहिल्यांदा दोघं जोडीने प्रार्थनेला गेली. दुसऱ्याच ओळीला काकूंनी त्यांच्याकडे तिरपा कटाक्ष टाकला. बाहेर रस्त्यावर आल्यावर म्हणाल्या, "तुम्हाला येत नाही!"

"येतं की."

"म्हणा बरं."

काकांनी पहिली ओळ म्हटली, मग खाकरले, मग समोरच्या दुकानाची पाटी वाचू लागले. काकू इतक्या हसल्या, की भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाल्या, "असू दे. मी म्हणत जाईन दोघांच्या वाटची. तुम्ही आपले ओठ हलवा."

तेव्हापासून हे गुपित दोघांचं. काकू शेजारी खणखणीत म्हणायच्या आणि काका ऐटीत ओठ हलवायचे. कुठे उठायचं, कुठे बसायचं, ते काकूंच्या कोपराच्या ढुशीवर चालायचं. "बसा आज, शिकवते," असं काकूंनी किती वेळा म्हटलं असेल! काकांचं उत्तर ठरलेलं. "अगं, उद्या बघू. मी कुठे पळून चाललोय?"

पळून काका गेले नाहीत. काकू गेल्या.

त्यांना निरोप द्यायच्या वेळी सगळं प्रार्थनाघर एकत्र म्हणत होतं. काकांनी त्या गर्दीत नेहमीसारखे ओठ हलवले. जन्मभर वेळ मारून नेली होती, त्या दिवशीही मारून नेली. कुणाच्या लक्षात आलं नाही. पण घरी येऊन खुर्चीत बसले आणि त्यांच्या मनात आलं, जिने आयुष्यभर आपल्या वाटचं म्हटलं, तिच्यासाठी आपण एक शब्द बोललो नाही! त्यानंतर काकांनी प्रार्थनाघराची पायरी चढणं सोडलं. काकूंची धाकटी बहीण, म्हणजे काकांची मेहुणी, जिभेची तिखट. ती दुकानात येऊन फैलावर घ्यायची. "भाऊजी, लोक काय म्हणतील? वर्षाचा दिवस आला की निरोपाची प्रार्थना तुम्हालाच म्हणायचीय, एकट्याने, उभं राहून. ध्यानात आहे ना?"

ध्यानात होतं. काकांना दुसरं काही ध्यानातच नव्हतं. त्यांच्यात वर्षाच्या दिवशी सर्वांत जवळच्या माणसाने ती प्रार्थना एकट्याने म्हणायची असते. दुकानाचं दार लावून काका म्हणून बघायचे. पहिली ओळ यायची. दुसरी अर्धी यायची. पुढे ठप्प. मेहुणीला विचारावं, तर ती सात पिढ्या उद्धरील. गुरुजींना विचारावं, तर इतकी वर्षं त्यांच्या डोळ्यांदेखत ओठ हलवलेले. कोणत्या तोंडाने विचारणार?

त्यांची ही घालमेल बघून शेजारच्या चष्मेवाल्याने एक दिवस त्यांना धरलं. "चल माझ्याबरोबर. आमची एक बैठक असते महिन्यातून एकदा, सगळ्या धर्मांची. दर वेळी एकाच्या देवाघरी जायचं, ते बसतात तसं बसायचं, गुपचूप बघायचं."

"आणि मग भाषणं?"

"भाषण कुणी करायचं नाही. पाहुण्यांनी हवं ते विचारायचं, घरच्यांनी सांगायचं. वाद घालायचा नाही. एवढाच नियम."

"मी येतो, पण गाद्या बघायला," काका म्हणाले. मान कोण खाली घालणार!

पहिली बैठक चष्मेवाल्याकडेच होती, कपाळवाल्यांकडे. काका मागच्या भिंतीशी बसले. आधी गालिचा निरखला, कडेची शिवण कुणी भलत्याच दोऱ्याने घातली होती म्हणून मनात चडफडले. मग त्यांचं लक्ष शेवटच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याकडे गेलं. तो या वयात नव्याने त्यांच्यात आला होता. सगळे वाकले की हा इकडेतिकडे बघून वाकायचा, सगळे उठले की हा उठायचा. कायम सगळ्यांच्या मागे. आणि कुणाला त्याचं सोयरसुतक नाही. बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "त्याला लाज नाही वाटत?"

"कशाची?" चष्मेवाला म्हणाला. "येत नाही तर पुढच्याकडे बघायचं. आम्ही सगळे तसेच शिकलो. माझं चित्त भलतीकडे गेलं की मी अजूनही बघतो."

काकांना तो म्हातारा रात्री जेवतानाही डोळ्यांपुढे दिसत होता.

मग गुडघेवाल्यांकडे गेले. तिथे हातात पुस्तक धरून म्हणतात. पुढच्या बाकावर एक आजी होत्या, त्यांना ओळ सापडेना. शेजारच्या तरुण मुलीने, आपलं म्हणणं न थांबवता, नुसतं बोट ठेवून ओळ दाखवली. आजींनी मान हलवली आणि पुढे म्हणू लागल्या. बस्स, एवढंच. पण काकू असत्या तर ढुशी मारून म्हणाल्या असत्या, बघा, बघा जरा. काकांनी बाजूला पाहिलंसुद्धा. बाजूला चष्मेवाला होता आणि तो जांभई दाबत होता.

सगळ्यांत हादरले ते गप्पवाल्यांकडे. तिथे कुणी काही म्हणतच नाही. साधी खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या, सगळे मिटल्या तोंडाने बसलेले. काकांना आधी हायसं वाटलं. इथे ओठसुद्धा हलवायला नकोत! पण थोड्या वेळाने ती शांतता अंगावर येऊ लागली. ओठ हलवायचे नसले की माणूस उघडाच पडतो. काकांना काकूंचा आवाज आठवला, आणि मग डोळ्यांतून पाणी जे लागलं ते थांबेना. शेजारी एक नर्सबाई बसल्या होत्या. त्यांनी ना विचारपूस केली, ना पाठीवर हात फिरवला. नुसत्या आपली खुर्ची थोडी जवळ ओढून बसून राहिल्या.

नंतर विचारायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, "बाई, तुम्ही बोलत तर नाही. मग प्रार्थना पोचली की नाही, कळतं कसं?"

नर्सबाई हसल्या. "नाही कळत हो. म्हणून तर पुन्हा येतो."

हे उत्तर काकांना फार आवडलं. आठवडाभर ज्याला त्याला ऐकवत होते. आणि ऐकवता ऐकवता एक दिवस त्यांच्या ध्यानात आलं, की परक्याच्या घरी आपण किती बिनदिक्कत विचारतो. हे काय, ते कशाला, हे असं का. आणि आपल्याच घरी मात्र तोंडाला कुलूप.

आता यायची ती वेळ आलीच. बैठकीची पाळी काकांच्या प्रार्थनाघरावर आली, आणि गुरुजींनी नेमका काकूंच्या वर्षाचा दिवस धरला. "पाहुण्यांनाही आपली निरोपाची प्रार्थना ऐकायला मिळेल," ते म्हणाले. काकांनी कपाळाला हात लावला. आजारी पडावं का, असाही विचार करून झाला. पण त्यांना ठणठणीत प्रकृतीचा शाप होता.

त्या दिवशी काका काकूंनी शिवलेला कोट घालून गेले. प्रार्थनाघर भरलं होतं. एका बाजूला घरचे, दुसऱ्या बाजूला पाहुणे. चष्मेवाला होता, नर्सबाई होत्या. काका घरच्यांच्या बाजूला, मेहुणीशेजारी बसले. एवढ्या काळाने त्या बाकावर बसले, तर पलीकडची जागा रिकामी. नेहमीची उठबस झाली. काका कुणाकडे तरी बघून उठले, बघून बसले. आणि मग गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

काका उभे राहिले. पहिली ओळ म्हटली. दुसरी अर्धी म्हटली. आणि थांबले.

ओठ हलवावे, असं एक क्षण आलं त्यांच्या मनात. लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याचा आवाज गेला, दुःखाने गेला. सगळ्यांनी सांभाळून घेतलं असतं. पण काका बाकातून बाहेर आले, मधली वाट ओलांडून पलीकडे गेले, आणि पाहुण्यांमध्ये चष्मेवाल्याशेजारी जाऊन बसले. बसून त्यांनी हात वर केला.

"मला विचारायचंय," काका म्हणाले.

घरच्यांपैकी दोघं-तिघं हसले. काकांचा थट्टेखोर स्वभाव सगळ्यांना ठाऊक. गुरुजी गोंधळून म्हणाले, "तुम्ही? तुम्ही घरचे."

"घरचाच आहे. पण मला येत नाही. कधीच येत नव्हती. ती माझ्या वाटची म्हणायची आणि मी नुसते ओठ हलवायचो." काकांचा आवाज चिरकला. "आज तिच्यासाठी म्हणायचीय मला. कुणी शिकवाल का?"

गुरुजी पुढे येऊ लागले, तोच मेहुणी ताडकन उठली. आता ही काय सोडते आपल्याला, म्हणून काकांनी मान खाली घातली.

"गुरुजी, तुम्ही थांबा," मेहुणी म्हणाली. "ही घरच्या माणसाने शिकवायची असते. ह्यांच्या घरची आता मीच उरलेय." ती वाट ओलांडून आली आणि काकांसमोर उभी राहिली. "उठा भाऊजी. म्हणा माझ्यामागे."

तिने एक ओळ म्हटली, काकांनी म्हटली. तिने दुसरी म्हटली, काकांनी म्हटली. चष्मेवाला उठून उभा राहिला, त्याच्यामागून बाकीचे पाहुणे उठले. पाचव्या की सहाव्या ओळीला मेहुणीने तोंड उघडलं, तर काका तिच्या आधीच सुरू झाले होते. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. जन्मभर शेजारी बसून ऐकलेलं, ते कुठे जाणार? आत सगळं होतं. शब्द येत गेले, आणि काका रडत रडत, मोठ्याने, एकेक ओळ म्हणत गेले. मेहुणीही त्यांच्याबरोबर म्हणू लागली.

मग सगळ्यांत लांब ओळ आली. काका अर्ध्यावर थांबले, श्वास घेतला आणि उरलेली अर्धी म्हणाले.

"तिथे थांबायचं नसतं, भाऊजी," मेहुणी सवयीने म्हणाली. "ती एका दमात म्हणायची. ताई थांबायची ते शेवटी शेवटी तिला दम पुरायचा नाही म्हणून."

"मला ती तशीच ऐकू येतेय गं," काका म्हणाले. "मी तिथे थांबणार."

मेहुणीने पदराने तोंड पुसलं. दोघं पुन्हा म्हणू लागली. पुढच्या लांब ओळीच्या अर्ध्यावर काका थांबले, तेव्हा तीही थांबली.