घेर मधात मोजतात

आमच्या थांबाबाई कोणतीही गोष्ट एका दमात शेवटापर्यंत वाचू शकत नसत. वाचता वाचता गोष्टीत काही घडले, की त्यांचा उजवा हात वर जायचा, तळवा आमच्याकडे, आणि तोंडातून शब्द निघायचा : "थांबा." मग पुस्तक पालथे ठेवून त्या आमच्याकडे पाहत बसायच्या. पुढे काय होणार ते त्या सांगत नसत. "घडलं ते घडलं. आता कोण काय करते ते पाहा," एवढेच म्हणायच्या. त्यांचे खरे नाव शाळेत शिक्षकांच्या हजेरीपटावर होते, पण चामोर्शीत त्यांना त्या नावाने कोणी ओळखत असेल असे मला वाटत नाही.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. लग्न झालेले, एक मुलगी. सरकारी लाकूड डेपोवर सात वर्षे रोजंदारीवर होतो. सागाचे ओंडके मोजायचे, त्यावर हातोडीने नंबर मारायचा, माप ओरडून सांगायचे. ते माप वहीत लिहिणारा मात्र दुसरा, कारण लिहिण्याच्या जागेला दहावी पास लागत असे. बाहेरून परीक्षेला बसून मी मराठी सोडून सगळे विषय काढले होते. गणितात दीडशेपैकी एकशे एकतीस. मराठीत शंभरपैकी पहिल्यांदा चोवीस, दुसऱ्यांदा एकोणतीस. पासाला पस्तीस. डेपोच्या साहेबांनी सांगून ठेवले होते की येत्या जूनमध्ये लिहिण्याची एक जागा रिकामी होईल, तोवर कागद आणलास तर तुझा विचार करतो. म्हणजे मला एकच परीक्षा उरली होती.

"मायबोलीत नापास," माझी बायको शेजारणीला सांगे. "लाकूड समजते याले. बोललेलं नाई समजत." तिच्या बोलण्यात थोडे तथ्य होते.

थांबाबाई दर रविवारी सकाळी आठ ते दहा, आपल्या घराच्या छपरीत, मराठीत अडलेल्या मोठ्या माणसांना शिकवत. फी नव्हती. आम्ही सात जण होतो. त्यात अंगणवाडीत मदतनीस असलेल्या सुमनताई आणि ग्रामपंचायतीत शिपाई असलेले मडावीभाऊ हे दोघे माझ्या दोन बाजूंना बसत. जुलै ते फेब्रुवारी या काळात एकतीस रविवार वर्ग भरला. मी दोन चुकवले, दोन्ही वेळा डेपोवर ट्रक आला म्हणून. मी कोणतीही मोजणी दोनदा करतो, तेव्हा हे आकडे बरोबर आहेत असे समजावे.

बाई वैनगंगेच्या काठच्या ढिवर घरातल्या. वडील तलावात मासे धरत. बाईंचे शिकवणे सगळे त्या तलावावरून आलेले होते. "माझा बाबा पाण्यात मासा नाई पाहत होता," त्या सांगत. "मासा दिसतच नाई. पाणी कुठी थरथरते ते पाहे, अन् तिथी जाळं टाके. गोष्टीचा आशयही तसाच. तो लिहिलेला नसते. माणसं कुठी थरथरते ते पाहा, खाली तोच असते."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतले, खाली रेघही मारली. उपयोग शून्य. मला मासे धरता येत नव्हते.

माझा रोग वेगळा होता. कोणतीही गोष्ट वाचली आणि 'आशय लिहा' असे आले, की मी लिहायचो : "या कथेतून प्रामाणिकपणाची शिकवण मिळते." लहानपणी शाळेत प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य असे, ते डोक्यात बसले होते. पहिल्या पाच रविवारी पाच गोष्टी झाल्या. माझ्या वहीत चार वेळा प्रामाणिकपणा आणि एकदा कष्टाचे महत्त्व.

बाईंनी पाचही पाने उलटून पाहिली. "काय जी लाकूडवाले, तुमच्या डेपोवर सगळी लाकडं एकाच मापाची येते का?"

"नाई बाई. दोन लाकडं सारखी नसते."

"मंग गोष्टी कशा सारख्या निघून राह्यल्या?"

सुमनताई पदरामागून म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या गावात दुसरा गुण पिकत नाई का?" सगळे हसले. मडावीभाऊ सगळ्यात मोठ्याने हसले. त्यांच्या वहीत पाचही वेळा 'देशप्रेम' होते हे नंतर कळले.

बाईंना थांबायला गोष्टच लागे असे नव्हते. एकदा आठवडी बाजारात मी त्यांच्यामागे पिशवी घेऊन चाललो होतो. एका मासेवालीचा तराजू कलंडला आणि एक मोठा मरळ मासा खाली धुळीत पडला. "थांबा," बाई म्हणाल्या, आणि भर वाटेत उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक बाई मागे सरकली, लुगडे सांभाळत. शेजारची विकणारी हसली. मासेवालीने मात्र आधी तराजू उचलला, पारडी नीट लटकली की नाही ते पाहिले, आणि मग मासा. "घडलं एकच," बाई म्हणाल्या, "अन् बाया तीन. एकीले लुगडं, एकीले गंमत, एकीले तराजू. आता सांगा, कोणाले काय पाह्यजे?" मागून सायकलवाला घंटी वाजवत होता. बाईंनी त्यालाही हात दाखवला. तोही थांबला.

मला कळल्यासारखे वाटले, पण घरी येऊन गोष्ट वाचली की पुन्हा प्रामाणिकपणा.

दिवाळीनंतर बाईंनी एका जुन्या मासिकातली गोष्ट दिली. एका गावात शाळेची घंटा चोरीला जाते. हेडमास्तर अर्ज लिहितो. सरपंच बाहेरगावच्या माणसांवर संशय घेतो. घंटा वाजवणारा म्हातारा शिपाई मात्र रोजच्या वेळी घंटा टांगायच्या रिकाम्या आकड्याखाली येऊन उभा राहतो, सूर्याकडे पाहतो, आणि प्रत्येक वर्गाच्या दाराशी जाऊन सांगतो, "शाळा भरली." पोरे हसतात. हेडमास्तर म्हणतो, घंटा नाही तर बसून राहा. तो बसतो, आणि मधल्या सुट्टीला बरोबर उठतो. गोष्टीच्या शेवटच्या तीन ओळींत चोर सापडतो.

मी लिहिले : "चोरी करू नये."

बाई रागावल्या नाहीत, हेच वाईट वाटले. त्या नुसत्या वही हातात घेऊन बसल्या. परीक्षेला चार महिने होते. मी म्हणालो, "बाई, मले नाई जमत हे. मी मोजणारा माणूस आहो."

बाईंची आई आत दारापाशी सुपात तांदूळ निवडत होती. शांतता तिला सहन झाली नसावी. तिने विचारले, "बाबू, एवढं मोठं लाकूड मोजता कसं जी तुम्ही?"

हे मला येत होते. मी सांगितले की लांबी फितीने घेतो आणि घेर मधात मोजतो. "टोकाला नाई मोजत. बुडाकडे जाड असते, शेंड्याकडे बारीक. दोन्ही टोकं खोटं बोलते. नवीन माणूस हमखास टोकाला फीत लावते, कारण टोक हाताशी असते. खरं माप मधात."

"थांबा," बाई म्हणाल्या.

हात वर, तळवा माझ्याकडे. तांदळाचे सूपही थांबले.

"अन् तुम्ही गोष्टीले फीत कुठी लावून राह्यले?"

मी वहीकडे पाहिले. चोर शेवटच्या तीन ओळींत. मी पाच महिने प्रत्येक गोष्टीच्या टोकाला फीत लावत होतो. डेपोवर असे करणाऱ्या नवख्या पोराला मीच शिव्या दिल्या असत्या.

"मोजता येते ना तुम्हाले? मंग मोजा," बाई म्हणाल्या. "मधात मोजा. कोण किती वेळा थरथरते, ते."

कोणाच्या वाट्याला किती वाक्ये आली ते मी तिथेच बसून मोजले. हेडमास्तर चार वाक्ये. सरपंच सहा. चोर तीन. शिपाई एकोणीस. दुसऱ्यांदा मोजले, एकोणीसच. मग त्या एकोणीस वाक्यांत तो काय करतो ते खाली उतरवले, आणि पहिल्यांदाच मला तो माणूस दिसला. मी लिहिले : "घंटा गेली तरी त्याची वेळ चुकत नाही. काम त्याच्या हातातून गेले, अंगातून गेले नाही. बाकीचे वस्तू शोधतात, तो आपली जागा शोधतो."

बाईंनी वाचले. वही सुमनताईंकडे दिली. सुमनताईंनी वाचून माझ्याकडे असे पाहिले, जणू मी कोणाची तरी वही चोरून आणली आहे. "हे तुम्हीच लिवलं का भाऊ?"

"हे लाकूड वेगळं निघालं," बाई म्हणाल्या. त्यानंतर त्या सगळ्यांनाच आधी मोजायला लावत. प्रत्येकाच्या वहीत उभ्या रेघा, माणसांची नावे, आणि काही घडण्याआधी कोण काय करत होता, घडल्यावर काय केले, असे रकाने आले. मडावीभाऊंचे देशप्रेमही हळूहळू कमी झाले.

मार्चमध्ये पेपर. त्यात न वाचलेला एक उतारा होता. एका घरची गाय हरवते. तीन दिवस बाप रानोमाळ हिंडतो. जेवत नाही, बोलत नाही. चौथ्या दिवशी गाय आपोआप दारात येते. आई आधी वासराला सोडते. बाप मात्र काठी उचलून गायीवर ओरडतो, काठी जमिनीवर आपटतो, आणि मग खाली बसून तिच्या खुरातले काटे काढू लागतो. शेवटी शेजारी म्हणतो, मुक्या जनावराला असे बोलू नये. प्रश्न होता : उताऱ्याचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.

माझा पेन 'प्राण्यांवर दया' पर्यंत गेला होता. मी मनात म्हणालो, थांबा. ते शेजाऱ्याचे वाक्य म्हणजे टोक. हाताशी होते म्हणून मी धरले होते. मी खोडले आणि कच्च्या कामाच्या पानावर मोजले. शेजारी एक, आई दोन, बाप नऊ. बाप तीन दिवस गप्प होता. गाय हरवली तेव्हा तो ओरडला नाही, सापडल्यावर ओरडला. मी लिहिले : "माणूस भितो तेव्हा गप्प असतो. भीती निघून जाताना राग होऊन बाहेर पडते. जेवढा जीव, तेवढी भीती, आणि तेवढाच राग. काटे काढणारा हात आणि काठी आपटणारा हात एकच आहे."

निकाल लागला. मराठीत अठ्ठावन्न. मी गुणपत्रिका घेऊन थेट बाईंच्या घरी गेलो. बाईंनी गुण विचारलेच नाहीत.

"उतारा कोणता होता? आशय काय लिहिला?"

मी सांगितला. कच्च्या पानावरचे आकडेही सांगितले. बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि आत पाहून हाक मारली, "आई, चहा ठेव व. लाकूडवाल्यानं मधात मोजलं."

सातांपैकी सहा त्या खेपेला पास झालो. मडावीभाऊ राहिले, त्यांनी ऑक्टोबरमध्ये काढले. जूनमध्ये मी डेपोवर लिहिण्याच्या जागेवर बसलो. पहिल्या दिवशी माप ओरडणारा कोणी नवीन पोरगा होता. मी त्याला पहिली गोष्ट सांगितली ती फितीची.

माझी मुलगी पुढे चंद्रपूरला शिकायला गेली. एकदा बस बंद पडली आणि ती घरी चार तास उशिरा आली. चार तास मी अंगणात गप्प उभा होतो. ती दारात आली आणि मी ओरडलो. माझी बायको आतून म्हणाली, "पोरी, पाय धू. तुझ्या बापानं आतालोक एक घोट पाणी नाई पेलं." बोललेले न समजणाऱ्या माणसाबरोबर इतकी वर्षे राहून तीही थांबायला शिकली होती.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा शाळेत निरोपाचा कार्यक्रम झाला. तोवर तेरा वर्षे गेली होती. शाळेच्या मुलांनी भाषणे केली, शाल झाली, नारळ झाला. आम्ही सातही जण आलो होतो आणि एकाच रांगेत बसलो होतो. सुमनताई आता अंगणवाडी चालवत होत्या. मडावीभाऊंचे सगळे केस पांढरे झाले होते, पण शर्टाच्या खिशाला पेन होता. शेवटी बाईंना बोलायला सांगितले.

त्या माईकपाशी आल्या. तोंड उघडले आणि शब्द निघाला नाही. त्यांनी उजवा हात वर केला, तळवा आमच्याकडे. सभागृहात त्यांच्या हाताखालून गेलेली दीड-दोनशे माणसे होती, नक्की आकडा माहीत नाही. सगळी एकदम बाईंकडे पाहू लागली. हे त्यांनीच शिकवले होते. घडले ते घडले, आता बाई काय करतात?

बाईंनी हात तसाच खाली आणत एक बोट काढले आणि आमच्या रांगेकडे वळवले. सुमनताईंपासून सुरुवात केली. ओठ हलत होते. बोट मडावीभाऊंवर थांबले, मग माझ्यावर, आणि रांगेच्या टोकापर्यंत गेले.

"सात," त्या म्हणाल्या. "मोजणी बरोबर हाये." आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

टाळ्या किती वेळ वाजल्या ते मी घड्याळात पाहिले नाही. बाईंनी एकदाच मोजले होते. मी पुन्हा मोजले नाही.