घंटेची पोच

ही हकीकत सांगायची मी बरीच वर्षं टाळली. नातवंडं पडवीतल्या घंटांकडे बोट दाखवून विचारत, ही कुठली, ती कुठली. मी एकेकीचं गाव सांगायचो. एका घंटेपाशी आलो की मात्र तंबाखूची चंची शोधायला लागायचो. निजामाचं राज्य गेलं. ज्यांच्यापुढे लाज वाटावी असे बहुतेक जण गेले. आता मीही गेलो, तर एका गाडीवानाच्या नावावर मी लावलेला डाग तसाच राहील. म्हणून लिहितो.

मी धारूरकडच्या डोंगरातला शेतकरी. जनावरांच्या गळ्यातल्या घंटा जमवायचा मला तरुणपणापासून नाद. बैलाची काशाची, म्हशीची जाड पत्र्याची, शेळीची चिमुकली. पडवीत आडवा वासा टाकून त्याला त्या टांगल्या होत्या. वारा सुटला की घरात एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. गावानं माझं नाव ‘घंटेवाला’ पाडलं होतं. चावडीवर कोणीतरी हमखास म्हणायचं, "काय बे घंटेवाल्या, देव कवा बसवतूस? घंटा तर समद्या गोळा झाल्या." मी हसायचो, पण ते लागायचं. गावातल्या कुठल्याही मानाच्या रांगेत मला कधी जागा नव्हती.

माझा मित्र मला माळेगावच्या जत्रेत भेटला. एका म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यात जुन्या घडणीची घंटा होती आणि मी त्याच्याभोवती घिरट्या घालत होतो. पलीकडून लाल पागोट्याचा एक माणूस तशाच घिरट्या घालत होता. विकणाऱ्याला वाटलं, दोन गिऱ्हाइकं लागली. तो बैलाचे दात दाखवू लागला, तर आम्ही दोघांनीही विचारलं ते घंटेचं. तो उखडला.

"बैल नको, नुसती घंटा पायजे? उद्या म्हनाल शिंगं काडून द्या! व्हा म्होरं दोघंबी!"

बाजूला होऊन आम्ही पोट धरून हसलो. तो खानदेशातला, तापीकाठचा कापूस पिकवणारा. माझ्याहून वयानं मोठा, तरी मला ‘भाऊ’ म्हणायचा. जत्राभर आम्ही त्याच्या गाडीच्या सावलीत बसलो. तो स्वतःचं कमी सांगायचा आणि विचारायचा फार. माझ्या गोठ्यात कोण कोण आहे, कोण मारकं, कोण म्हातारं, सगळं त्यानं विचारून घेतलं. मला वाटलं, वेळ काढायला विचारतो आहे.

पुढच्या वर्षापासून त्याच्या भेटी येऊ लागल्या. जालन्याकडचा एक गाडीवान खानदेशातून माल भरून आमच्या भागात यायचा. त्याच्याबरोबर एक लहानशी कापडी पिशवी यायची आणि तिच्यात, लोलकाला चिंधी गुंडाळलेली, एक घंटा. पहिली सातपुड्यातली लाकडी होती. दुसरी आली तेव्हा गाडीवानानं निरोप सांगितला, "ही गाईला नका बांधू म्हनले. वासराला बांधा. गाईला दिसत न्हाई नव्हं, तिला लेकरू कुठं हाय ते कळंल."

आमची एक गाय आंधळी झाली होती. जत्रेत बोलता बोलता मी एकदाच सांगितलं असेल. त्यानं ते वर्षभर मनात ठेवलं आणि हलक्या आवाजाची, वासराच्या मानेला जड न होणारी घंटा शोधली. वासराच्या गळ्यात ती बांधली आणि गाय हंबरायची थांबली. माझी बायको पदरानं डोळे पुसत म्हणाली, "माज्या सख्ख्या भावानंबी इतका इचार केला नसता." तेव्हापासून तिच्या बोलण्यात तो ‘खानदेशचा भाऊ’ झाला.

आलेली पिशवी रिकामी परत करायची नाही, ही आमच्याकडची रीत. मी तीत कारळं नाहीतर तीळ भरून गाडीवानाकडे द्यायचो. मित्रानं जत्रेत एकदा सांगितलं, "पिशवी भरून आली की मी समजतो, घंटा तुमच्या वाशाला लागली." तीच आमची पोच. वेगळं काही कळवावं लागत नसे.

गाडीवान गमत्या होता. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर दरवेळी त्याची झडती व्हायची, ते तो रंगवून सांगायचा. "शिपाई म्हनतो, ह्या घंटेचा बैल कुठं हाय? म्या म्हनलं, साहेब, बैल म्होरं गेला, घंटा दमानं येतीया."

आता त्या वर्षाचं सांगतो.

मित्राच्या घरी एक बैलजोडी होती. तिच्यासाठी त्याच्या वडिलांनी दोन घंटा एका ओतकामात करून घेतलेल्या. जोडीतला एक बैल मेला. त्याची घंटा त्यानं मला पाठवली. गाडीवानानं पिशवी माझ्या हातात ठेवली आणि निरोप सांगितला, "मेलेल्याची घंटा दुसऱ्याच्या गळ्यात बांधवत न्हाई म्हनले. तुमच्याकडं असली तर माज्याच घरात हाय, असं समजंन." मी चिंधी सोडून ती हलवली. आवाज उमटला आणि बराच वेळ अंगणात राहिला. माझ्या वाशावर तशी एकही नव्हती.

"मी खाली वडवणीकडं सरकी टाकून येतो," गाडीवान म्हणाला. "माघारी पिशवी नेतो. तीळ भरून ठिवा, मालक."

नेमका त्याच दिवशी आमच्या गावी तालुकदारसाहेबांच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मोठ्या अंमलदाराच्या, दौऱ्याचा मुक्काम होता. साहेब आले की गावातले मानकरी नजर करायचे. म्हणजे तळहातावर दस्ती, हातरुमाल, पसरायची, तिच्यावर घरातली चांगली चीज ठेवायची आणि वाकून पुढे धरायची. साहेबांनी तिला बोटं लावायची, मान डोलवायची आणि चीज ज्याची त्याला परत. वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं. पाटलांच्या घरची एकच कट्यार दर दौऱ्याला नजर व्हायची आणि संध्याकाळी खुंटीवर परत जायची.

त्या दिवशी पाटील माझ्या दारावरून जाताना म्हणाले, "घंटेवाले, तुमीबी या की. साहेबांला जुन्या चिजांचा लई शौक हाय म्हनं."

मला रांगेत बोलावलं होतं. वाशावरच्या कितीतरी घंटा माझ्या स्वतःच्या होत्या, पण मी उचलली ती नुकतीच आलेली. सगळ्यांत देखणी तीच होती. मनात म्हटलं, बोट लागेल, गाव बघेल, आणि दिवेलागणीच्या आत ती वाशाला टांगू. बायको म्हणाली, "भावाची चीज हाय. इचारलंत का त्यांला?" मी म्हणालो, "परत तर येनार हाय."

पाटलांची कट्यार परत आली. कुलकर्ण्यांची शाल परत आली. माझी पाळी आली. साहेबांनी घंटेला बोट लावलं, मग उचलली, मग हलवली. चावडीतली माणसं माना वळवून बघू लागली.

"वाह! ये तो हमारी दमणी को होना," साहेब म्हणाले आणि आपल्या बसायच्या बैलगाडीला लावायला त्यांनी ती मागच्या चपराशाकडे दिली.

साहेबांची मी तक्रार करत नाही. मी वाकून पुढे धरली होती, त्यांनी घेतली. ही माझी चीज नाही, एवढं म्हणायला मला तोंड होतं. मी दस्तीची घडी घालून मागे सरलो. बाहेर लोकांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. "नशीब काडलंस गड्या! पाटलाची कट्यार माघारी धाडली, अन् तुजी घंटा ठिवून घेतली." त्या दिवसानंतर गावात मला कोणी ‘घंटेवाला’ म्हणून चिडवलं नाही. मला हवं होतं ते मिळालं होतं.

गाडीवान परत येणार हे मला माहीत होतं. पिशवी भरून द्यावी, तर घंटा वाशाला लागली असं सांगितल्यासारखं. रिकामी द्यावी, तर त्याहून वाईट. त्याची गाडी वळणावर दिसली तसा मी कडब्याच्या गंजीमागे गेलो. बायकोला सांगून ठेवलं होतं, त्याप्रमाणे ती म्हणाली, "धनी गावाला गेलेत."

"अवो वैनी," गाडीवान म्हणाला, "मला गंजीमागं त्यांचं पागोटं दिसतंय की."

तिनं मान खाली घालून झाडू हातात घेतला. तो पिशवी न घेता निघून गेला. त्या दिवशी बायकोनं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि ती पाठ फिरवून चुलीशी बसली.

वैशाखात मित्राचा मेहुणा तुळजापूरला जाताना आमच्याकडे उतरला. हातपाय धुऊन पडवीत बसला, वाशाकडे बघून हसला आणि म्हणाला, "दाजींनी मुद्दाम विचारायला सांगितलंय. घंटा पोचली का? पिशवी काही आली नाही."

खरं सांगायची तेवढी चांगली वेळ मला पुन्हा मिळाली नाही. समोर एकच माणूस होता, तोही पाहुणा. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणालो, "कोणती घंटा?"

तो गोंधळला. "म्हणजे गाडीवानानं आणलीच नाही?"

मी गप्प बसलो. आतल्या दारात बायको पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती तांब्या खाली ठेवून आत गेली.

गाडीवानाचा धंदा सारा विश्वासावर असतो. घंटा हातात दिली, असं तो सांगत राहिला, पण मित्रानं त्याला माल देणं बंद केलं. का बंद केलं हे लोकांना कळलं, आणि मित्राच्या गावातल्या इतरांनीही बंद केलं. मला हे दिवाळीनंतर समजलं, कारण दिवाळीनंतर दुसऱ्याच एका गाडीवानाबरोबर पिशवी आली. तिच्यात तशीच घंटा होती. जोडीतली दुसरी. जिवंत बैलाच्या गळ्यातून मित्रानं ती सोडली होती. निरोप होता, "पहिली वाटेत गेली, भाऊ, मन खट्टू करून घेऊ नका. ही माझ्या गोठ्यात एकटी वाजते, ते मलाही ऐकवत नाही."

मी ती हातात घेऊन बसून राहिलो. आयुष्यात मला कोणी इतकं दिलं नव्हतं, आणि ते माझ्या खोटेपणापायी आलं होतं. बायकोनं तिळाचं मडकं माझ्यासमोर आणून ठेवलं. "तुमच्या हातानं भरा," म्हणाली. "मी न्हाई भरायची." मी पिशवी भरली, गळ्यापर्यंत भरली आणि नव्या गाडीवानाकडे दिली.

काही दिवसांनी जुना गाडीवान आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. या वेळी गाडी नव्हती, चालत आला होता. त्याची नजर थेट वाशाकडे गेली.

"ही दुसरी," तो म्हणाला. "म्या तुमच्या हातात ठिवली ती कुठं हाय?"

मी त्याला सगळं सांगितलं. दौरा, नजर, गंजी, मेहुणा. बायकोसमोरच सांगितलं. सांगून झाल्यावर मी हात जोडायला लागलो, तर तो मागे सरला.

"मला कावून सांगता, मालक? मला तर ठावंच हाय. त्यांला सांगा. अन् चार गाडीवान बसल्याले असतील तवा सांगा."

"जत्रेत सांगतो," मी म्हणालो. "शब्द देतो."

"तुमचा एक शब्द ऐकलाय की म्या. ‘कोणती घंटा?’"

पाणीही न घेता तो गेला. जाताना फाटकाशी थांबून म्हणाला, "मीबी येतो जत्रेला. लांबून बघतो."

मी जत्रेला निघालो तो ठरवून. वाटभर गाडीत बसून मी बोलायची वाक्यं जुळवत होतो. कुठून सुरू करायचं, घंटेपासून की चावडीपासून. सरळ पाय धरायचे की आधी बोलायचं. अखेर जुळली. थोडकीच होती, पाठ झाली.

माळेगावला पोचलो तेव्हा मित्र नेहमीच्या जागी होता. सभोवती खानदेशाकडचे गाडीवान बसले होते. पलीकडे, जनावरांच्या पाण्याच्या हौदाशी, आमचा गाडीवान उभा होता. मला पाहताच मित्र उठला. मी तोंड उघडायच्या आत त्यानं हात जोडले.

"भाऊ, आधी मला माफ करा," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "माझ्या माणसानं घात केला. तुम्ही वर्षभर वाट बघत राहिलात, आणि मला वाटत होतं, तुम्ही पोच का देत नाही! मी मनातल्या मनात तुमच्यावर रुसलो होतो. तुमच्याविषयी असं मनात आणलं, ही चूक माझी."

तो वाकू लागला. वयानं मोठा माणूस. मी त्याचे हात धरले आणि त्याला उभं केलं. बसलेले गाडीवान माझ्याकडे बघत होते. मित्राच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि माझा हात सोडायला तो तयार नव्हता.

"दुसरी कशी वाजते?" त्यानं विचारलं.

"गोड वाजते," मी म्हणालो.

हौदाकडे पाहिलं तर तिथे कोणी नव्हतं. तो गाडीवान त्यानंतर आमच्या रस्त्याला कधी दिसला नाही. मी जालन्याच्या अड्ड्यावर दोनदा विचारलं. कोणी म्हणालं मोगलाई, निजामाचा मुलूख, सोडून गेला, कोणी म्हणालं माहीत नाही. मित्र पुढच्या जत्रेला आला नाही. तापानं गेल्याचं मेहुण्याकडून कळलं.

त्या दिवशी वाटभर घोकलेली वाक्यं मी विसरलेलो नाही. मी म्हणणार होतो: दादा, घंटा पोचली होती. तुमच्या गाडीवानानं ती माझ्या हातात दिली. मी मोठेपणासाठी ती दुसऱ्याच्या हातात दिली आणि चोर त्याला ठरवलं. त्यानं तुमचा घात केला नाही, मी केला. तुम्ही दोघांनी मला माफ करावं.