नापासकाकांच्या घरची कुंडी

नापासकाकांनी आयुष्यभर एकच काम केलं: दुसऱ्यानं केलेल्या कामाला नावं ठेवली. त्याचा त्यांना पगार मिळत होता, एवढंच काय ते त्यात बरं. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात ते तपासनीस होते. सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या यायच्या, मागे मोठा दिवा असायचा आणि काका एकेक बाटली उजेडासमोर धरून तिच्यात बुडबुडा शोधायचे. सापडला की बाटली बाजूच्या पेटीत, पुन्हा वितळायला. निवृत्तीनंतर पट्टा सुटला, दिवा सुटला, सवय तेवढी घरी आली. पाण्याचा पेला हातात दिला की काका आधी तो खिडकीकडे धरून बघणार आणि मग पिणार. तसंच ते भाजी बघत, शर्टाची इस्त्री बघत, लेकीनं निवडलेला नवराही त्यांनी तसाच बघितला. सगळं नापास. वसाहतीत त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि पाठ वळली की नापासकाका. हे दुसरं नाव काकांच्या कानावर कधी आलं नव्हतं. काकूंच्या आलं होतं, आणि मनातल्या मनात त्याही तेच वापरत.

काकू त्याच कारखान्यात पॅकिंगला होत्या. काकांनी पास केलेल्या बाटल्या पेंढा घालून खोक्यात भरायच्या, हे त्यांचं काम. लग्न तिथेच जमलं. एकेक बाटली डोळ्यांत तेल घालून बघणारा तो गंभीर, सडपातळ माणूस बघून काकूंना वाटलं, याच्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणजे आपणही सुटणार नाही. तरुण वयात माणूस काय काय समजूत करून घेईल, सांगता येत नाही.

तेव्हाच एक गोष्ट त्यांनी बघितली होती. मॅनेजर एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाला घेऊन काकांच्या मागे येऊन उभा राहिला की पेटीत पडणाऱ्या बाटल्यांचा आवाज बंद व्हायचा. भट्टी तीच, काच तीच, बुडबुडेही तेच, पण माल धडाधड पास. मॅनेजर गेला की पेटी पुन्हा खळखळायला लागायची. काकूंना त्यातलं इंगित संसार सुरू झाल्यावर कळलं. काका बाटलीकडे बघायचे खरे, पण ठरवायचे मागे कोण उभं आहे त्यावरून.

काकूंच्या मागे कुणी कधी उभं राहिलं नाही. त्यामुळे इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही ‘छान झालंय’ असा शब्द त्यांच्या वाट्याला आला नाही. छान राहू द्या, ‘बरं आहे’ सुद्धा नाही. भाजी जमली की काका न बोलता जेवत, आणि बिघडली की बोलत जेवत. लेक फोनवर म्हणायची, “आई, तू कशाला वाट बघतेस? बाबांना जमत नाही ते.” काकू म्हणायच्या, “मी कुठे वाट बघते?” बघत होत्या, चांगल्या मान उंच करून बघत होत्या, आणि त्याचा त्यांना स्वतःलाच राग यायचा.

आता त्या वसाहतीविषयी. दोन रांगांत सारखी घरं, प्रत्येकापुढे हातरुमालाएवढं गवत आणि गुडघ्याएवढं कुंपण. थंडी सरली की या माणसांच्या अंगात एकदम शेतकरी संचारायचा. वर्षभर कचऱ्याचा डबासुद्धा नोकराकडून हलवून घेणारी माणसं नवीकोरी खुरपी घेऊन गवतावर बसायची, एकमेकांना खताची नावं सांगायची, पाठ धरली की आत जाऊन झोपायची. मग यायचा वसंतमेळा. मधल्या मैदानावर मांडव, केकचे तुकडे, बेसूर गाणी आणि फुलझाडांची स्पर्धा. स्पर्धेची तयारी म्हणजे आदल्या दिवशी रोपवाटिकेसमोर लागणारी गाड्यांची रांग. तिथून फुललेलं झाड उचलायचं, घरच्या कुंडीत ठेवायचं आणि “लेकरासारखं वाढवलंय हो” म्हणून सांगायचं. मागच्या साली वसाहतीच्या सेक्रेटरींच्या झाडाला दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच लटकत राहिली. परीक्षकानं ती फुलाआड लपवली आणि पहिलं बक्षीस दिलं. त्यावरून मोठी बोंब झाली.

म्हणून यंदा कमिटीनं नियम केला. सगळ्यांना एकसारख्या मातीच्या कुंड्या वाटायच्या. कुंडीवर नाव नाही, खूण नाही. निकाल लागला की मालकानं हात वर करायचा. आणि परीक्षक? बोंब मारणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज नापासकाकांचा होता, तेव्हा त्यांचं तोंड बंद करायला सेक्रेटरींनी त्यांनाच परीक्षक करून टाकलं. काकांनी उभ्या जन्मात मातीला हात लावला नव्हता. पण तपासायला करता यावं लागतं, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

ही बातमी काकांनी जेवताना सांगितली. “शेवटी माझ्याकडेच यावं लागलं,” ते म्हणाले. “नजर पाहिजे ना.”

काकूंनी मान हलवली. दुपारीच त्या कमिटीकडून एक कुंडी घेऊन आल्या होत्या, ती मागच्या दाराआड ठेवलेली होती.

घराच्या मागच्या बाजूला, जिथे कपडे धुवायचं यंत्र आणि दोऱ्या होत्या, तिथे काकूंचं एक जिरॅनियम होतं. शेजारच्या शिवणवालीनं तिच्या झाडाची बोटभर फांदी दिली होती, ती काकूंनी फुटक्या बादलीत लावली. थंडीत यंत्राशेजारी आत घेतली, उन्हाच्या दिवशी बाहेर ठेवली. शेंडे खुडले की झाड पसरतं असं शिवणवाली म्हणाली, म्हणून जीव घट्ट करून शेंडे खुडले. आता ते झाड चांगलं दाट, गोलाकार झालं होतं आणि त्याच्यावर लालभडक फुलांचे गुच्छ आले होते. काकांनी ते कधी पाहिलं नव्हतं. मागच्या बाजूला धुणं असतं आणि धुणं बायकांचं असतं, म्हणून काका त्या दारापलीकडे जातच नसत. बादलीतून कुंडीत झाड हलवलं त्या दिवशी काकूंचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते. काकांनी हात पाहिले. म्हणाले, “बेसिनमध्ये धुवू नकोस. तुंबेल.”

शिवणवालीला काकूंनी बेत सांगितला तेव्हा ती शिवणयंत्र थांबवून म्हणाली, “तुम्हाला बक्षीस हवंय का काकू?”

“बक्षीस काय करायचंय. डबाच देतात तो.”

“मग?”

“नाव नसलं की हा माणूस काय म्हणतो, ते ऐकायचंय. एकदा तरी त्याला नुसतं झाडाकडे बघू दे.”

शिवणवाली सुई ओवत राहिली. “आणि नापास म्हणाले तर?”

“तर कळेल.”

असं म्हणाल्या खऱ्या, पण मेळ्याच्या सकाळी त्यांनी तीच कुंडी तीनदा पुसली. एवढ्या वयाची बाई, लेकीचं लग्न केलेली, सासूचं आजारपण काढलेली, आणि नवरा झाडाला काय म्हणेल याची धास्ती घेते, याची त्यांना लाज वाटत होती. काका शर्टाच्या खिशाला पेन लावून आधीच गेले होते. काकूंनी शिवणवालीच्या मदतीनं कुंडी मैदानावर नेऊन इतरांच्या ओळीत ठेवली आणि दोघी मांडवाच्या खांबाशी उभ्या राहिल्या.

काका ओळीच्या सुरुवातीला उभे होते आणि त्यांची पंचाईत झाली होती. काकूंना ती लांबूनच कळली. प्रत्येक कुंडीसमोर वाकायचे, आणि झाडाकडे बघण्याऐवजी आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे बघायचे. कुणाची असेल? कोण जास्त टक लावून बघतंय? सेक्रेटरी एका पिवळ्या फुलांच्या कुंडीपाशी उगाच खाकरत होते, तिथे काका बराच वेळ थांबले आणि “हं, हं” म्हणाले. एका बिचाऱ्या काटकुळ्या रोपाजवळ कुणीच नव्हतं, त्याला त्यांनी बुटाच्या टोकानं बाजूला सरकवलं. इतका बारका डोळा, इतकी वर्षं वापरलेला, आणि त्याला मालक दाखवल्याशिवाय काही दिसत नाही. काकूंना हसू आलं आणि आवरलंही नाही.

मग काका जिरॅनियमपाशी आले. त्याच वेळी दातांच्या डॉक्टरीणबाई, वसाहतीतल्या सगळ्यात पैसेवाल्या, ज्यांनी घरामागे झाडांसाठी काचेची खोली बांधून घेतली होती, त्या कुंडीजवळ उभ्या राहून म्हणाल्या, “अय्या, किती सुंदर.”

काकांच्या पाठीचा कणा ताठ झाला. त्यांनी एकदा डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं, एकदा झाडाकडे, आणि त्यांचं ठरलं.

“याला म्हणतात झाड,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “पान बघा, एक डाग नाही. आकार बघा. हे कष्ट आहेत. अशी निगा ठेवायला माणूस मुळात समजूतदार लागतो.” आणि गर्दीत बायको दिसली तेव्हा तिलाही त्यांनी सोडलं नाही. “बघून ठेव. शीक काही.”

काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. ही स्तुती कुणाला उद्देशून आहे ते माहीत असूनही आलं. इतकी वर्षं जे हवं होतं ते सगळं, वर थोडं जास्तच, त्यांना मिळालं होतं, आणि त्यातला एक शब्दही त्यांच्यासाठी नव्हता.

सेक्रेटरींनी माइक हातात घेतला. पहिलं बक्षीस लाल जिरॅनियमला. मालकानं हात वर करावा. सगळे डॉक्टरीणबाईंकडे बघायला लागले. काका तर टाळ्या वाजवायच्या तयारीत होते. डॉक्टरीणबाई गोंधळून म्हणाल्या, “माझं कुठलं? मी यंदा काही लावलंच नाही.”

काकूंनी हात वर केला.

“अगं, चेष्टा करू नकोस,” काका हळू आवाजात म्हणाले. “हात खाली घे.”

“माझीच आहे ती,” काकू म्हणाल्या.

“फांदी मी दिलीय,” शिवणवाली म्हणाली. “त्यांच्या धुण्याच्या जागेत वाढलीय. वास घ्या, साबणाचा येईल.”

लोक हसले. ते साधं, चांगलं हसणं होतं. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, सेक्रेटरींनी बक्षिसाचा डबा उचलला. इथे काकांना फक्त हसायचं होतं. हसले असते तरी त्या बाईनं मागचं सगळं सोडून दिलं असतं, इतकी ती थोडक्यात राजी होणारी होती. पण काका हात वर करून म्हणाले, “एक मिनिट. मी खालून बघितलं नव्हतं.”

आणि ते वाकले. खिशातला चष्मा लावला. पान उलटं केलं, दुसरं उलटं केलं, फांद्या बाजूला सारल्या. मघाशी ज्या झाडाला एक डाग नव्हता, त्याच्यात ते बुडबुडा शोधायला लागले. टाळ्या विरल्या. डॉक्टरीणबाई दुसरीकडे बघायला लागल्या. “हे बघा,” काका आतून म्हणाले, “इथे एक पान पिवळं आहे. आणि बुंधा वाकडा. मघाशी उजेड नीट नव्हता. घरचं आहे म्हणून मी पास करणार नाही. निकाल म्हणजे निकाल. पहिलं बक्षीस त्या पिवळ्या फुलांना.”

सेक्रेटरींनी, ती कुंडी त्यांचीच होती, हातातला डबा स्वतःच्याच दुसऱ्या हातात घेतला. त्यांनाही थोडी लाज वाटली असावी, पण डबा काही खाली ठेवला नाही.

काकू नवऱ्याच्या वाकलेल्या पाठीकडे बघत उभ्या होत्या. आपण या माणसाला घाबरलो, याच्या तोंडाकडे बघत म्हातारे झालो, भाजीची चव स्वतःच्या जिभेवर न ठरवता याच्या कपाळावरच्या आठीवर ठरवली. आणि हा माणूस काय आहे, तर हा. त्यांना राग आला नाही, रडू तर मुळीच नाही. त्यांना नवऱ्याची सरळ किळस आली, आणि त्या किळसेनं इतकं मोकळं वाटलं की त्यांनी खोल श्वास घेतला.

“फार छान झालंय माझं झाड,” त्या शिवणवालीला म्हणाल्या, नेहमीच्या आवाजात. “चल, केक घेऊ.”

दोघींनी केक खाल्ला, तो कोरडा होता, तसं काकूंनी सांगितलंही. मग कुंडी एकेक बाजूनं धरून दोघी परत गेल्या. काका मागून एकटेच आले. वाटेत त्यांच्याशी कुणी बोललं नाही. साहेबसुद्धा कुणी म्हटलं नाही.

दिवेलागणीला काका खुर्चीत बसून होते. टीव्ही लावलेला नव्हता. दोन-तीनदा त्यांनी घसा साफ केला. काकू बादली आणि फडकं घेऊन खोलीत आल्या तेव्हा ते खिडकीकडे बघत म्हणाले, “तसं झाड चांगलं होतं हं तुझं. म्हणजे खरंच चांगलं होतं.”

आणि बायकोच्या तोंडाकडे बघत थांबले.

काकूंनी फडकं पिळलं. “पाय वर घ्या,” त्या म्हणाल्या. “फरशी पुसायचीय.”