मालनवहिनीची भैरवी

सोमनाथदादा माझा सख्खा भाऊ, तरी सांगते, इतका दगड माणूस अख्ख्या पिंपळगावात सापडायचा नाही. द्राक्षांचा व्यापार, दारात चार टेम्पो, आणि गळ्यात कायम कुणी ना कुणी घातलेला हार. मालनवहिनी त्याची बायको. सांगायचंय ते तिच्याबद्दल.

वहिनी वणीची. वडील शाळामास्तर आणि संगीत नाटकांचे वेडे. त्र्याण्णव साली, लग्नाआधी, ते तिला नाशिकला ‘संगीत मेघमालिनी’ दाखवायला घेऊन आले. त्यात तिसऱ्या अंकात नायिका नवऱ्याचं घर सोडून निघते, तेव्हा उंबरठ्यावर उभी राहून भैरवी म्हणते. त्या पदाला दोनदा वन्स मोअर मिळाला. मास्तर तर उभे राहून ओरडत होते म्हणे, आणि वहिनी लाजून त्यांचा सदरा ओढत होती. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं आणि त्याच्या पुढच्या वर्षी मास्तर गेले.

त्यांनी रेडिओवरून उतरवून घेतलेली त्या नाटकाची कॅसेट वहिनीनं सासरी आणली होती. पुढे दादा निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा त्याला प्रचाराच्या जीपवर वाजवायला कॅसेट हवी होती. बाजारात काय कॅसेटी मिळत नव्हत्या? पण यानं हीच उचलली आणि तिच्यावर स्वतःचं भाषण भरलं. वहिनी रडायला लागली तर म्हणतो कसा, “अगं, नवरा निवडून येतोय, पेढे वाट!” निवडून आलाही मेला. तेव्हापासून ते पद फक्त वहिनीच्या तोंडात उरलं. भांडी घासताना गुणगुणायची आणि बाहेर जीपचा आवाज आला की गप्प व्हायची.

दोन हजार सात साली ते नाटक पुन्हा रंगभूमीवर आलं. नाशिकला रविवारी दुपारचा प्रयोग ठरला, आणि खर्च कुणी उचलावा, तर दादाच्या व्यापारी मंडळानं! वहिनीचा मला फोन आला. “ताई, बाबांचा आवाजच आठवेनासा झालाय हो. ते पद ऐकलं ना, की त्यांचं ओरडणं ऐकू येईल मला. बाकी नाटक नाही दिसलं तरी चालेल.” एवढंच मागणं होतं बाईचं.

पहिले दोन अंक झकास झाले. वहिनी मास्तरांनी घेतलेली जुनी नारायणपेठ नेसून माझ्या शेजारी बसली होती. तिसरा अंक सुरू व्हायच्या आधी पडदा उघडला, तर स्टेजवर टेबल, खुर्च्या आणि माईक. सत्कार! शाल-श्रीफळ झालं आणि दादाला दोन शब्द बोलायला सांगितलं. दोन शब्द कसले, द्राक्षांच्या निर्यातीपासून जी गाडी सुटली ती थांबेना. लोक चुळबुळायला लागले. मग म्हणाला, “हे नाटक मी कोणासाठी आणलं? आमच्या मिसेससाठी! लग्न झाल्यापासून घरात एकच गाणं. या मालनबाई, होऊन जाऊ द्या दोन ओळी!”

वहिनी नको नको म्हणत होती. मी तिचा हात घट्ट धरला होता, पण मंडळाची दोन माणसं येऊन तिला घेऊनच गेली. बिचारीनं सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला आवाज फाटला आणि लोक हसले. सगळ्यांत मोठ्यानं दादा हसला. “मोरीत लय भारी निघतं, माईक बघून घाबरलं!” तेवढ्यात मागून कुणीतरी शीळ घातली आणि ओरडलं, “वन्स मोअर!” मग काय, सगळं थिएटरच ओरडायला लागलं. वहिनी तिथंच उभी राहिली, पदर तोंडाशी धरून. तिला खाली कसं यायचं तेही सुचेना. मीच जाऊन आणलं.

दादा खाली येऊन आमच्या शेजारी बसला, तोच थिएटरचा मॅनेजर घाईघाईनं त्याच्याजवळ आला. “साहेब, पुढे ऑर्केस्ट्राचं बुकिंग आहे, थिएटर रिकामं करून द्यायचंय. तिसऱ्या अंकातलं काहीतरी गाळावं लागेल.”

दादा म्हणाला, “मग ते गाणंच गाळा की. आत्ताच झालं ना! वन्स मोअर पण मिळाला.”

वहिनीनं ते ऐकलं. मी दादाला म्हटलं, “अरे, तुला काही लाज?” तर म्हणाला, “तू गप बस, चारचौघांत तमाशा नको.”

तिसऱ्या अंकात नायिका उंबरठ्यापाशी आली, पेटीवाल्याकडे एकदा बघितलं आणि तशीच निघून गेली. पडदा पडला. वहिनी खुर्चीवरून उठेना. जीपमध्ये दादानं विचारलं, “काय, फिटली ना हौस?” ती “हो” म्हणाली.

सत्काराचा फोटो त्यानं मोठा करून बैठकीत लावलाय. त्यात वहिनी माईकपुढे उभी आहे, तोंड अर्धवट उघडं. मी तावातावानं फोन केला, म्हटलं, वहिनी, तो फोटो काढून चुलीत घाला आधी.

“फोटोचं काही नाही हो ताई,” ती म्हणाली. “पण आता बाबांना आठवायला गेलं ना, की ते पण त्या लोकांत उभे राहून हसताना दिसतात.”