बाद झालेला कन्सोल आणि पहिल्या नगावरची सही

मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास माझ्या धाकट्या बहिणीचा गेम कन्सोल ऑनलाइन खेळातून कायमचा बाद झाला. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. या यंत्रात फेरफार आढळला आहे. यापुढे त्याला जोडणी मिळणार नाही. ती त्या वेळी मोटारींच्या शर्यतीत पहिल्या क्रमांकावर होती. बाकीच्या पाच जणांच्या पडद्यावरून तिची गाडी नाहीशी झाली आणि तिच्या नावापुढे कारण झळकलं : फेरफार.

ते पाचही जण तिच्याच कारखान्यातले होते. चाकणला गाड्यांच्या ब्रेकचे भाग तयार करणारी ही कंपनी. या पट्ट्यात अनेक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, म्हणून त्यांची शर्यत गुरुवारी. बहीण तिथे क्वालिटी विभागात तपासनीस आहे. शिफ्ट सुरू झाली की लाइनवर बनलेला पहिला नग तिच्या टेबलावर येतो. ती तो गेजवर, म्हणजे मापाच्या उपकरणावर, मोजते, कार्डावर सही करते, आणि मगच उत्पादन सुरू होतं. सही नसेल तर लाइन उभी.

शुक्रवारी सकाळी लाइनचा लीडर पहिला नग घेऊन आला. तो चाकणजवळच्याच गावातला, शर्यतीतल्या पाचांपैकी एक. तिने नग मोजला, सही केली. त्याने कार्ड हातातच धरून ठेवलं.

"मॅडम, राग मानू नका. पन ह्यो नग एकदा दुसऱ्या कुनाकडनं मोजून घिऊ का?"

शेजारच्या लाइनवरचा तपासनीस बोलावला गेला. वीस मिनिटं लाइन उभी राहिली. दोन्ही मोजमापं जुळली आणि कार्डावर दुसरी सही झाली. हे तिने मला संध्याकाळी रावेतच्या घरी, भेंडी चिरताना सांगितलं.

"हसत होता का तो?" मी विचारलं.

"अर्धा."

शनिवारीही दोन सह्या झाल्या. सोमवारी खातेप्रमुखांनी तिला विचारलं की पहिल्या नगाच्या कार्डावर दोन सह्या कशासाठी. तिने कारण सांगितलं. ते म्हणाले, खेळाचं मला काही सांगू नका. पण लाइनला तुमची सही पुरत नसेल तर मला तिथे दुसरं माणूस द्यावं लागेल. त्यांनी महिनाअखेरपर्यंतचा वेळ दिला.

कन्सोल तिने तीन महिन्यांपूर्वी आमच्याच इमारतीतल्या एका इंजिनिअरकडून घेतला होता. त्याची बंगळूरला बदली झाली होती. मूळ खोकं, दोन कंट्रोलर, सगळं व्यवस्थित. देताना तो एवढंच म्हणाला होता, "मस्त चाललंय. फक्त अपडेट मारू नका." तिला यात काही वावगं वाटलं नाही. कारखान्यातही चालू मशीनच्या प्रोग्रॅमला कोणी हात लावत नाही. लावलाच तर दिवसभराचं उत्पादन अडकतं. तिने कन्सोलवर चिठ्ठी चिकटवली, "अपडेट करू नये", खाली तारीख आणि सही. अपडेटची सूचना येई तेव्हा ती ठरल्याप्रमाणे नकार देई. त्या तीन महिन्यांत ती अकरा शर्यतींत पहिली आली.

पुढच्या गुरुवारी माझीही सुट्टी होती. आम्ही कन्सोल पिशवीत घालून कासारवाडीला गेलो. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर मोबाइल, मिक्सर आणि कन्सोल दुरुस्त करणारं एक दुकान आहे. दुकानदार साठीचे आहेत. आसपासचे सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी मागची पट्टी नखाने चाचपली, झाकण उघडलं आणि भिंग आमच्याकडे सरकवलं. हिरव्या बोर्डावर नखाएवढी एक चिप वेगळ्या डाखाने बसवलेली दिसत होती.

"हा पाहुणा आहे," चाचा म्हणाले. "कंपनीचा माणूस नाही."

पत्रकाराच्या सवयीने मी वही काढली. हा पाहुणा काय करतो, असं विचारलं. चाचांनी सांगितलं ते असं. कन्सोल सुरू होताना फक्त कंपनीने मान्य केलेलाच प्रोग्रॅम चालवतो. ही चिप त्या वेळी मध्ये शिरते आणि दारावरच्या पहारेकऱ्याला झोपवते. मग आत काहीही चालतं. जुने खेळ चालतात, फुकटचे चालतात, आणि चालू खेळातले आकडे बदलणारी छोटी पुस्ती, म्हणजे वरून जोडलेला प्रोग्रॅम, पण चालते. या मशीनवर शर्यतीच्या खेळासाठी तशी एक पुस्ती चालू ठेवलेली होती. गाडीला जादा वेग देणारी इंधनाची टाकी तिच्यामुळे रिकामी होत नव्हती.

"आणि अपडेट?" बहिणीने विचारलं.

"अपडेट मारला की पहारेकरी उठतो. म्हणून मारू नका. तोवर ही मशीन कंपनीच्या सर्व्हरला खोटं सांगत राहते की माझा अपडेट झालाय. एक दिवस सर्व्हरने नवीन सवाल विचारला, हिला जवाब आला नाही. खेळ खतम."

माझा प्रश्न वेगळा होता. सहा जण सहा घरांतून खेळतात, मध्ये सर्व्हर आहे. मग टाकी भरलेली आहे हे बाकीच्या पाचांच्या मशीननी मान्य का केलं?

"कारण टाकीत किती उरलं ते ज्याची त्याची मशीनच मोजते आणि पुढे कळवते. सर्व्हर विश्वास ठेवतो. सगळं सर्व्हरने मोजायचं म्हटलं तर खेळ अडखळतो. गाडी कुठे आहे, रेषा कधी ओलांडली, हे मात्र सर्व्हर बघतो. तिथे हिची चालत नाही."

"म्हणजे सेल्फ सर्टिफिकेट," बहीण म्हणाली. तिने मला समजावलं. काही पुरवठादारांचा माल कारखान्यात तपासणीशिवाय थेट लाइनवर जातो. त्यांनी सोबत पाठवलेला कागदच तपासणी मानतात. "कागद खोटा असेल तर लाइनवर कळतं. किंवा कळत नाही."

"सगळे खेळ असे असतात का?" मी चाचांना विचारलं.

"नाही. गोळीबाराच्या खेळांत गोळी लागली की नाही, बऱ्याचदा सर्व्हर ठरवतो. तिथे अशी मशीन जान वाढवू शकत नाही. पण भिंतीमागे कोण उभा आहे ते दाखवू शकते, कारण ती माहिती मशीनपर्यंत आधीच आलेली असते. फक्त झाकलेली असते." त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला. "काढू का पाहुण्याला?"

"नको चाचा," ती म्हणाली. "बिघडलेला गेज दुरुस्त केला तर बिघडला होता हे दाखवायचं कशावरून?"

परत आल्यावर मी बंगळूरला फोन लावला. दोनदा उचलला गेला नाही. तिसऱ्यांदा इंजिनिअर बोलला. चिप त्यानेच जुने खेळ खेळण्यासाठी बसवून घेतली होती. टाकीची पुस्ती एकट्याने खेळताना चालू केली होती, बंद करायची राहिली. चिप असल्याचं त्याने सांगितलं होतं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "अपडेट मारू नका म्हणालो होतो ना."

चाचणी त्यानंतरच्या गुरुवारी आमच्या घरी झाली. कारखान्यात एखाद्या गेजवर शंका आली की एक ठरलेली पद्धत आहे. तेच नग, तीन माणसं, प्रत्येकाने पुन्हा पुन्हा मोजायचे. चूक माणसाबरोबर फिरते की गेजबरोबर, ते आकड्यांत दिसतं. तिने लाइन लीडरला आणि मेंटेनन्समधल्या तंत्रज्ञाला बोलावलं. दोघंही शर्यतीतले. लीडरने स्वतःचा कन्सोल आणला. इंटरनेट नाही, दोन्ही यंत्रं एकाच खोलीत जोडलेली. गाडी तीच, रस्ता तोच. तिघांनी दोन्ही कन्सोलवर तीन-तीन फेऱ्या मारायच्या. वेळ आणि शेवटी उरलेली टाकी मी कागदावर लिहायची.

"पत्रकार लिवनार म्हंजी उद्या पेपरात यायचं," लीडर सोफ्यावर बसत म्हणाला.

"भाऊ, तुमचा टाइम पेपरात येण्यासारखा नाही," तंत्रज्ञ म्हणाला.

आईने कैरीचं पन्हं आणून ठेवलं. पहिल्या नऊ फेऱ्या लीडरच्या कन्सोलवर झाल्या. प्रत्येक फेरीत टाकी निम्म्या रस्त्यात संपली. मग जागा बदलल्या. बहिणीच्या कन्सोलवर लीडर बसला. पहिलं वळण, दुसरं वळण. टाकीची सुई हलली नाही. तो तीनही फेऱ्या खेळला आणि कंट्रोलर खाली ठेवला.

"आयला. मी बी चोर निघालो, राव."

तंत्रज्ञाच्या तीनही फेऱ्यांत टाकी भरलेलीच राहिली. बहिणीच्याही. चूक कन्सोलबरोबर फिरत होती. लीडरने माझ्या हातातला कागद घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. मग पेला बाजूला ठेवून म्हणाला, "ह्ये झालं. पन मॅडम, तीन म्हैने टाकी भरल्याली दिसत व्हती. तुमाला मायक्रॉनचा फरक घावतो. ह्यो न्हाई घावला?"

तंत्रज्ञ खिडकीबाहेर बघू लागला.

"दिसला होता," ती म्हणाली. "गाडीच तशी असेल असं वाटलं. ताडून बघायला दुसरा पडदा माझ्यासमोर नव्हता."

"आन विचारलं न्हाई."

"नाही विचारलं. जिंकत होते." ती माझ्याकडे वळली. "नवा गेज आला की तो अचूक मोजतो का ते बघायला आपण आधी कॅलिब्रेशनला पाठवतो. हा मी थेट लाइनवर घेतला. ती चूक माझी. कागदावर तसंच लिही, दादा."

मी तसं लिहिलं. मग तिने लीडरच्या कन्सोलवरच्या नऊ फेऱ्यांच्या वेळा मोठ्याने वाचल्या. सर्वांत कमी वेळ तंत्रज्ञाचा होता, त्यानंतर लीडरचा. तिघांत सर्वांत जास्त वेळ तिचा होता. अकरा शर्यतींचे निकाल शर्यतीच्या मोबाइल ग्रुपमधल्या यादीतून काढून टाकावेत, असं तिने सांगितलं. लीडर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की दोन-तीन, आठवण म्हनून." तिने यादी स्वतः उघडली आणि अकराही पुसले. खाली तिघांनी कागदावर सह्या केल्या.

कन्सोल आता कपाटात आहे. त्याला लाल टॅग बांधलेला आहे. टॅगवर तिच्या अक्षरात "वापरू नये" एवढंच लिहिलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पहिल्या शिफ्टला काय झालं ते मी पाहिलेलं नाही. कारखान्यात मोबाइल फाटकावर जमा करावा लागतो, त्यामुळे कार्डाचा फोटोही नाही. तिने संध्याकाळी सांगितलं ते असं. लीडर नग घेऊन आला. तिने तो तीनदा मोजला, कार्डावर सही केली. त्याने कार्ड लाइनवर नेऊन अडकवलं. कार्डावर वेळ सात वाजून आठ मिनिटं आहे आणि सही एक आहे.

शनिवारच्या कार्डावरही एकच आहे.