थोरलीचा ताप

थोरली टपाल वाटायची, धाकटी बेकरीत बसायची. दोघी जुळ्या. लहानपणी इतक्या सारख्या, की शाळेत एकीची छडी दुसरीला बसायची. मग एका वर्षी थोरलीला सर्दी झाली, डोळे आले, ताप चढला, आणि त्या दुखण्यातून उठल्यावर ती जी अंगानं भरत गेली, ती थांबलीच नाही. त्यानंतर त्यांना ओळखण्यात कुणाची चूक झाली नाही.

थोरली दिवसभर पायी हिंडायची. खांद्याला पिशवी, पुढ्यात लिफ्ट नसलेल्या इमारती. धाकटी नवऱ्याच्या बेकरीत गल्ल्यावर बसून तुटकी बिस्किटं तोंडात टाकत राहायची आणि तरी काडीसारखी. भट्टी आणि कपाटाच्या मधल्या फटीतून ती सळकन आत जायची, तेव्हा थोरली टपाल हातात धरून बघत उभी राहायची.

“धाकटीच्या अंगाला काही लागतच नाही गं,” आत्या कौतुकानं म्हणायची. “आणि थोरलीला नुसतं पाणीही मानवतं!” सगळे हसायचे. “मी खाते तरी किती?” म्हणत थोरलीही हसायची. आतून मात्र जळफळाट व्हायचा. चेहरा तोच, आई तीच, ताट तेच. मग हिला एक माप आणि मला दुसरं का?

मोठ्या इस्पितळात एका डॉक्टरीणबाईंनी जाडीवरच्या अभ्यासासाठी जुळ्यांना रक्त तपासायला बोलावलं. दोघी गेल्या. सुई टोचता टोचता बाई म्हणाल्या, “सर्दीच्या जातीचा एक व्हायरस आहे. तो टोचलेल्या कोंबड्यांची चरबी वाढलेली दिसली. माणसांचं मात्र नक्की नाही. कुठे जाड लोकांच्या रक्तात त्याच्या जुन्या खुणा जास्त सापडल्या, कुठे काही फरकच दिसला नाही.”

थोरलीच्या कानात फक्त कोंबड्या शिरल्या. दुसऱ्या दिवशी कचेरीत टपाल लावता लावता तिनं सगळ्यांना सांगून टाकलं, “माझं खाणं नव्हे हो, तो ताप होता!”

“मग जरा लांब बसा, बाई,” शेजारचा पोस्टमन म्हणाला. “माझी पँट आधीच घट्ट होतेय.”

ती त्यालाही हसली. तिला फार हलकं वाटत होतं. धाकटी बारीक, ती काही गुणाची म्हणून नव्हे, केवळ नशिबाची म्हणून. हे आता कागदावर येणार होतं.

निकाल आला. थोरलीच्या रक्तात त्या व्हायरसची खूण नव्हती. धाकटीच्या होती.

“मला?” धाकटीला हसू आवरेना. “अगं, मला कधी झाला तो?”

दोघी उठून बाहेर गेल्या. मग थोरली वळून एकटीच परत आत आली. “रक्ताच्या नळ्या बदलल्या असतील. परत बघा.”

“दोनदा बघितलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ताई, खूण नाही म्हणजे दोष तुमचा, असं नसतं. कारणं पुष्कळ असतात. सगळी आम्हालाही ठाऊक नाहीत. आणि एका जोडीवरून मी काहीच ठरवू शकत नाही.”

पण थोरलीचं ठरलं होतं. साधी सर्दीसुद्धा हिनं माझी ठेवली नाही! तिनं बेकरीकडचा रस्ता दुसऱ्या पोस्टमनला देऊन टाकला आणि बदल्यात त्याची चढावरची वस्ती घेतली. धाकटीचे फोन उचलेना. शेवटी धाकटीनंच तिला टपाल कचेरीच्या पायऱ्यांवर गाठलं.

“मी काय केलं तुझं? मला व्हायरस सापडला, हा माझा गुन्हा?”

“तुला सगळंच मिळतं.”

“मग काय करू? जाडी होऊ?”

“हो!” थोरली ओरडली. “एकदा होऊन तर बघ!”

पायऱ्या चढणारी माणसं थबकली. धाकटीचा चेहरा उतरला. “एवढं मनात होतं?” ती हळूच म्हणाली आणि निघून गेली.

पुढे बरेच दिवस अबोला होता. नात्यातल्या एका लग्नात मात्र दोघींना एकाच टेबलावर बसावं लागलं. आत्यानं आपलं ठेवणीतलं सुरू केलं, “थोरले, जरा हात आखडता घे गं. बघ धाकटी कशी—”

“आत्या, ती माझ्या निम्मं खाते,” धाकटी मध्येच बोलली. “लहानपणापासून. मी तिच्या ताटातलंही खायची. पुरे आता.”

आत्या भाताशी चाळा करत म्हणाली, “असं होय? आम्हाला काय ठाऊक!”

आणि खरंच, त्या दिवसापासून घरात थोरलीच्या ताटात कुणी डोकावलं नाही. दोघींचं बोलणं सुरू झालं, थोरलीनं बेकरीकडचा रस्ता परत मागून घेतला. पण मनातलं विचाराल तर त्या जेवणात बहिणीबद्दल तिला माया दाटून आली आणि त्याच घासाला पुन्हा जळफळाटही झाला. आपण कमीच खातो, हेच ती सगळ्यांना जन्मभर सांगत आली होती. पटलं कधी? तर बारीक बाईनं सांगितलं तेव्हा.